बांतेय छ्मार: बत्तीस हातांच्या लोकेश्वराच्या गावी

कंबोडियाला जाणारी आपली माणसं सिएम रीपला उतरतात, अंगकोर वाट, बायोन आणि ता प्रोम बघतात नि परत येतात. मला मात्र जायचं होतं बांतेय छ्मारला. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, औरंगाबादच्या सातव्या लेण्यात आठ महाभयांतून भक्तांना सोडवणारा अवलोकितेश्वर, कान्हेरीच्या एक्केचाळीसाव्या लेण्यातला अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर, असा हा बोधिसत्त्व मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. कंबोडियाचे ख्मेर लोक त्यालाच लोकेश्वर म्हणतात. थायलंडच्या सीमेजवळच्या एका खेड्यात, पडक्या देवळाच्या भिंतीवर तो बत्तीस हातांनी उभा आहे हे वाचल्यापासून तिथे जायचं ठरलेलं होतं. योग आला 2025 च्या जानेवारीत.

कागदपत्रांचा भाग सोपा आहे. कंबोडियाचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. उतरण्याआधीच्या सात दिवसांत ऑनलाइन आगमन अर्ज भरायचा, तो वेगळा. पैशांचं मात्र नीट ध्यानात ठेवा. तिकडे रोजचे व्यवहारही अमेरिकी डॉलरमध्ये चालतात, पण नोट जराशी फाटलेली असली तरी दुकानदार ती परत करतात. निघतानाच कोऱ्या, लहान रकमेच्या नोटा मागून घ्या. सुटे पैसे रिएलमध्ये मिळतात, एका डॉलरला साधारण चार हजार.

खरी जुळवाजुळव गावातल्या मुक्कामाची. बांतेय छ्मारमध्ये 2007 पासून गावकऱ्यांनीच चालवलेली पर्यटन समिती आहे. राहायचं घर, जेवण, वाटाड्या, फिरण्याची गाडी, सगळं तिच्यामार्फत ठरतं. पाहुणे घरोघरी पाळीपाळीने दिले जातात आणि उत्पन्नाचा एक वाटा गावाच्या निधीत जमा होतो. मी आधीच ईमेल करून येण्याची तारीख कळवली आणि आहाराबद्दल स्पष्ट लिहिलं: मांस नको, मासे नकोत, माशाचा सॉसही नको. हे शेवटचं लिहावंच लागतं. प्रहोक, म्हणजे मासे आंबवून केलेला खारा लगदा, हा ख्मेर स्वयंपाकाचा प्राण आहे. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं तर भाजीतले माशाचे तुकडे तेवढे वगळले जातील, प्रहोक राहीलच.

सिएम रीपहून सिसोफोन शंभरेक किलोमीटर आणि तिथून उत्तरेला बांतेय छ्मार साठेक. सिसोफोनपर्यंत बस मिळते. पुढे वाटून घ्यायची टॅक्सी, बहुधा जुनी टोयोटा कॅमरी. मागच्या सीटवर चौघं, ड्रायव्हरशेजारी दोघं, डिकीत तांदळाची पोती. वडापने फिरलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. गाडी भरली की सुटते. ऐसपैस बसायचं असेल तर दोन जागांचे पैसे भरायची पद्धत आहे. दुपार उलटली की प्रवासी मिळत नाहीत, म्हणून सकाळीच सिसोफोनला पोचावं. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरं, मधूनमधून ताडाची झाडं, खुंटांवर चरणाऱ्या पांढऱ्या गाई. थ्मार पुओक हे तालुक्याचं गाव मागे पडलं की वर्दळ संपते.

माझ्या वाट्याला आलेलं घर लाकडी खांबांवर उभारलेलं होतं. वर झोपायच्या खोल्या, खाली मोकळ्या जागेत हॅमॉक, चूल, कोंबड्या आणि दिवसभराचं सगळं जगणं. चपला जिन्याखाली काढायच्या. न्हाणीत पाण्याचा हौद आणि डबा, म्हणजे अंघोळ आपल्या गावाकडच्यासारखीच. मच्छरदाणी स्वच्छ होती. घरच्या आजींना सगळे ‘यिय’ म्हणत, मीही तेच म्हणू लागले. एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी संध्याकाळी मी भाजी निवडायला बसले तेव्हा त्यांनी न बोलता पाट पुढे सरकवला. जेवायला भात, कलमी भाजी लसणावर परतून, भोपळ्याची नारळाच्या दुधातली आमटी. वाढताना त्या हाताने माशाची खूण करायच्या, मान हलवायच्या आणि हसायच्या.

देऊळ गावाला लागूनच आहे. कमळांनी भरलेला खंदक ओलांडला की आत शिरता येतं. सातव्या जयवर्मनने, ज्याने अंगकोर थोम आणि बायोन उभारलं त्याच राजाने, बाराव्या शतकाच्या अखेरीस हे बांधायला घेतलं. ता प्रोमच्या 1186 च्या शिलालेखात राज्यभरच्या 102 आरोग्यशाळांची नोंद आहे, त्याही त्याच्याच कारकिर्दीतल्या. रोग्याचं दुःख दूर करणारा राजा आणि हजार हातांनी धावून येणारा बोधिसत्त्व यांचं नातं मला इथे जितकं स्पष्ट दिसलं, तितकं बायोनच्या गर्दीत दिसलं नाही.

वाटाड्या गावातलाच तरुण होता. कोसळलेल्या शिळांवरून चढत-उतरत जावं लागतं, म्हणून बूट घट्ट पकडीचे हवेत. पूर्वेच्या भिंतीवर चाम (आजच्या व्हिएतनाममधल्या चंपा राज्याच्या) सैन्याशी झालेली नौकायुद्धं कोरली आहेत, होड्यांखाली मासे आणि मगरी. पश्चिमेच्या भिंतीवर मूळचे आठ लोकेश्वर होते. आता जागेवर उरलेत दोन, एक बावीस हातांचा, दुसरा बत्तीस. बाकीचे कुठे गेले? 1998 च्या अखेरीस सैनिकांनीच यंत्रं लावून भिंतीचा मोठा भाग कापून नेला. ट्रकभर शिल्पखंड थायलंडमध्ये पकडले गेले, 117 तुकडे, आणि नंतर ते कंबोडियाला परत मिळाले. तो उघडा पडलेला भाग बघताना मला राग आवरेना. वाटाड्या शांतपणे म्हणाला की आता देवळात अनोळखी गाडी आली तरी गावात लगेच कळतं. या गावात मुक्काम का करावा, याचं मला सापडलेलं सर्वांत मोठं कारण हेच आहे. ज्यांच्या चुलीवर या देवळामुळे दोन पैसे येतात, ती माणसं त्याच्यावर लक्ष ठेवतात. सिएम रीपहून गाडी करून दोन तासांत बघून परतणारा पाहुणा या व्यवस्थेत फारसं काही घालत नाही.

बत्तीस हातांच्या लोकेश्वरापुढे सकाळी लवकर जा. बाकी कोणी नसतं, आणि एकेक हात निवांत बघता येतो. उथळ कोरीवकाम आहे.

नंतर पॉवर टिलरला जोडलेल्या ट्रॉलीतून आम्ही आसपासची छोटी देवळं पाहिली. बांतेय तोप दक्षिणेला भाताच्या शेतांमध्ये एकटंच उभं आहे, उंच, कललेलं, कधीही ढासळेल असं. पायवाट सोडून झुडपात जायचं नाही, हे इथे मनापासून पाळा. 1980 च्या दशकात या सीमेलगत सुरुंगांचा लांबच लांब पट्टा पेरला गेला. बरेच काढले, सगळे नाहीत. लाल पाटीवर कवटी दिसली की मागे फिरा.

निघताना हिशेब समितीच्या कार्यालयातच होतो, घरी वेगळे पैसे देण्याची गरज नसते. मी यियसाठी नेलेलं नारायणपेठी कापड मात्र त्यांच्या हातात दिलं. याच गावात रेशमाचं विणकाम चालतं, त्यामुळे त्यांनी आधी काठ उलटा करून धागा तपासला.

आज जाऊ इच्छिणाऱ्यांनी एक गोष्ट आधी बघायला हवी. 2025 च्या जुलैत थायलंड-कंबोडिया सीमेवर लढाई पेटली, सीमाभागातल्या लाखो लोकांना घरं सोडावी लागली आणि डिसेंबरात ती पुन्हा भडकली. थायलंडमधून येण्याचा, पॉइपेत या सीमेवरच्या गावातला जमिनीवरचा रस्ताही त्याच वर्षी पर्यटकांना बंद झाला. म्हणून तिकीट काढण्याआधी भारतीय दूतावासाची सूचना वाचा आणि समितीला थेट विचारा. परिस्थिती बरी नसेल तर हट्ट करू नका. तेव्हा नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात जा. चोरांकडून परत मिळवलेली बांतेय छ्मारची भिंत तिथे पुन्हा जोडून उभी केली आहे, आणि तिच्यावरचे लोकेश्वर जवळून बघता येतात.