4000 मीटर खालचं पाणी

आज पहाटे सीटीडी, म्हणजे समुद्राच्या पाण्याची क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं, बाटल्यांत पाण्याचे नमुने घेणारं यंत्र, जहाजाच्या डेकवर आलं. सर्वांत खोलवर बंद झालेल्या बाटलीतलं पाणी हातावर घेतलं आणि बोटं बधिर झाली! इथे वर घामाच्या धारा, आणि खाली जेमतेम 2-3 अंश. ध्रुवांकडे गार होऊन बुडालेलं हे पाणी शेकडो वर्षं तळातून सरकत आलंय.

दर 10 मीटरला दाब एका वातावरणाने, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो, हे वर्गात कायम शिकवते. मुलांनी रंगवलेले थर्माकोलचे कप जाळीच्या पिशवीतून सोबत खाली सोडले होते, ते अंगठ्याएवढे होऊन आले. त्यांवरची नावं अजून वाचता येतात, फक्त अक्षरं मुंगीएवढी!

नमुन्यांत ऑक्सिजनचा मान आधी, क्षारतेचा नंतर. हवा लागली की ऑक्सिजनचं माप बिघडतं. उद्या त्या बाटल्या मी भरणार. एकही बुडबुडा राहता कामा नये.