कॅरोलिन कीन नावाची बाई नव्हतीच
उन्हाळ्यात भाची नागपूरहून गावाकडे आली की दुपारभर कुलरसमोर पडून वाचत राहते. यंदा तिच्याकडे नॅन्सी ड्रू या गुप्तहेर पोरीची इंग्रजी पुस्तकं होती, संपल्याबरोबर म्हणे मामा, या कॅरोलिन कीनची अजून मागवून दे ना. म्हटलं पुस्तकं मागवतो पण अशी बाई कधी नव्हतीच. आई तिकडून तूर निवडता निवडता म्हणे, "मंग लिवलं कोनं बाप्पा?"

मग बसलोच सांगत. अमेरिकेत एडवर्ड स्ट्रॅटेमायर नावाचा माणूस, गोष्टीचा आराखडा तो द्यायचा, लिहायचा दुसराच कोणी अन् कव्हरवर तिसरंच नाव, तेही त्याच्याच कंपनीच्या मालकीचं. १९२७ चे हार्डी बॉइज, म्हणजे दोन गुप्तहेर पोरांची पुस्तकं, तसेच, १९३० ची नॅन्सीही तशीच. नॅन्सी लिहिली मिल्ड्रेड बेन्सनने, आयोवातल्या लाडोरा गावची, तिकडे मका म्हणजे आपल्याकडे कापूस तसा. पहिल्या पुस्तकाचे १२५ डॉलर, एकरकमी, रॉयल्टी नाही, हक्क सगळे सही करून दिलेले, अन् त्या नावामागे आपण आहोत हे बोलायचंही नाही. पहिल्या ३० पैकी २३ पुस्तकं तिची! मंदीत पैसे ७५ वर आणले तेव्हा तिने लिहायला नकार दिला, मग मधली तीन वॉल्टर कॅरिग नावाच्या माणसाने लिहिली, कव्हरवर कॅरोलिन कीन जशीच्या तशी.

टोपणनावाला माझा विरोध नाही. रहस्यकथांवर असतं ते एलरी क्वीन हे नाव म्हणजे डॅने अन् ली हे दोन भाऊ, आते-मामे की मावस ते सोडा, पण १९२९ ला पहिलं पुस्तक आलं तेव्हा नाव त्यांनीच घेतलेलं, त्यांच्याच मालकीचं. आमचे आबाजीही अर्ध्या गावाची पत्रं लिहून द्यायचे, खाली अंगठा ज्याचा त्याचा, पण अक्षर कोणाचं हे सगळ्या गावाला माहीत असायचं अन् लोकं मानाने बसवायचे. मिल्ड्रेडला तेवढंही मिळालं नाही, हे मला फार लागतं.

१९८० मध्ये प्रकाशकांचं आपसात भांडण कोर्टात गेलं, त्यात तिची साक्ष झाली तेव्हा कुठे लोकांना नीट कळलं, म्हणजे ५० वर्षांनी.

भाची कितीतरी वेळ कव्हर उलटसुलट करून पाहत होती. मग कंपासमधून पेन्सिल काढली अन् म्हणे, मामा, मिल्ड्रेडचं स्पेलिंग सांग.