८५ची लेन्स आणि माझा साडेअठरा फुटांचा गाळा

येवल्याच्या एका विणकर कुटुंबाच्या बावीस पैठण्या त्या दिवशी फोटोसाठी नाशिकला माझ्या गाळ्यात, म्हणजे माझ्या छोट्या स्टुडिओत, आल्या होत्या. आठवड्यापूर्वीच मी साठवलेल्या पैशांतून निकॉनची ८५ मिमी एफ/१.८ लेन्स घेतली होती (मिमीचा आकडा मोठा तितकं दृश्य जवळ येतं आणि फ्रेममध्ये कमी मावतं; एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडते आणि उजेड जास्त घेते). फॅशनसाठी लेन्स म्हणजे ८५, हे इतक्या जणांकडून ऐकलं होतं की दुसरा विचारच केला नव्हता. मॉडेल नेसून उभी राहिली, मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि फ्रेममध्ये डोक्यापासून जेमतेम गुडघ्यापर्यंतच मावलं. मागे सरकत भिंतीला टेकले, तरी निऱ्यांचा घेर आणि खालचा काठ बाहेरच. शेवटी दार उघडून जिन्याच्या चौकात उभी राहिले आणि तिथून पूर्ण उंचीचे फोटो काढले. जिन्याच्या खिडकीतला उजेड बाहेरून आत येत होता, तो अडवायला घरची काळी चादर लावली. पैठणीचा काठ कापलेला फोटो विणकराला दाखवायचा कसा, याच विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गाळा मोजला. तेव्हापासून लेन्सबद्दल कुणीही विचारलं की मी आधी खोलीची लांबी विचारते.

हिशोब सोपा आहे. उभ्या फ्रेममध्ये किती फूट उंची हवी ते ठरवा, त्याला लेन्सच्या मिमीने गुणा आणि ३६ने भागा (कॅमेऱ्यात चित्र टिपणारा सेन्सर फुल फ्रेम, म्हणजे मोठा असेल तर त्याची लांब बाजू ३६ मिमी असते). उत्तर येतं ते मॉडेल आणि कॅमेऱ्यातलं अंतर, फुटांत. पूर्ण साडीला वर-खाली मोकळी जागा धरून मी ७ फूट धरते. ८५ला साडेसोळा फूट लागतात, ५०ला पावणेदहा, ३५ला पावणेसात. क्रॉप म्हणजे लहान सेन्सर असेल तर ३६ऐवजी २४ने भागा. त्यात मॉडेलच्या मागे पडद्यापर्यंत पाच फूट हवेत, नाहीतर तिची सावली पडद्यावर येते. आपल्याला उभं राहायला दोन. माझ्या साडेअठरा फुटांतून हे सात गेले की उरतात साडेअकरा. म्हणजे माझ्या गाळ्यात पूर्ण उंचीचा फोटो ५५ मिमीच्या आसपासच निघणार, लेन्स कितीही भारी असली तरी.

मग सरळ ३५ का नाही? कारण जवळ जावं लागतं, आणि चेहरामोहरा बिघडतो तो त्या जवळ जाण्याने. पैठणीच्या फोटोत मॉडेल पदर हातावर पसरून पुढे धरते, हात चेहऱ्यापेक्षा दीड-दोन फूट पुढे येतो. सात फुटांवरून तो हात चेहऱ्याच्या मानाने जवळजवळ दीडपट मोठा दिसतो. दहा-अकरा फुटांवरून सव्वापट, आणि तेवढं डोळा सहज मान्य करतो. शिवाय ३५सारख्या, जास्त पसारा टिपणाऱ्या रुंद लेन्समध्ये फ्रेमच्या कडेला पावलं ताणली जातात.

आज माझ्या कॅमेऱ्यावर बहुतेक वेळ २४-७० एफ/४ असते, म्हणजे २४ ते ७० मिमीपर्यंत बदलता येणारी झूम लेन्स. एफ/२.८वाली घ्यायला हवी होती असं अनेकांनी सांगितलं. ती ८०५ ग्रॅमची, माझी ५००. दिवसभर हातात धरणारीला हा फरक मनगटात कळतो. स्टुडिओत उजेड फ्लॅशचा असतो. मी एफ/८, १/१६० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००वर काम करते, वर्षभर तेच. एफ/१.८ची गरज लग्नाच्या मांडवात, कमी उजेडात पडते. स्टुडिओत आठ फुटांवरून ८५ पूर्ण उघडली तर पुढून मागे जेमतेम नऊ सेंटिमीटरचाच भाग स्पष्ट येतो; डोळा नीट, पण खांद्यावरच्या पदराची जर धूसर, आणि चमकत्या जरीच्या कडेला जांभळी रेघ. गिऱ्हाईक वीण बघायला आलेलं असतं. एफ/८ला ही रेघही जाते.

झूमचा आणखी एक उपयोग मला काम करता करताच कळला. बारीक चौकड्यांच्या इरकलीवर कधी कधी इंद्रधनुषी लाटा उमटतात. तेव्हा अर्धा फूट सरकून झूम थोडा बदलला की बहुतेक वेळा त्या जातात. आणि पदरावरचा एकच मोर हवा असेल तर ही लेन्स ३० सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, बारा सेंटिमीटरचा तुकडा पूर्ण फ्रेम भरतो. ८५मध्ये तो तुकडा जवळपास फूटभराचा होतो, मोर हरवतो.

पांढरा पडदा असेल तर लेन्सला हूड, म्हणजे बाजूचा उजेड अडवणारी पुढची कड, लावाच. पडद्याचा उजेड काचेत शिरला की काळ्या चंद्रकळेचा काळा रंग राखाडी होतो. मी दोन्ही बाजूंना काळे रंगवलेले थर्माकोलचे पत्रे उभे करते.

८५ विकली नाही. कमरेपासून वरचे फोटो, नथ, ठुशी, अंबाडा, यांसाठी तीन फुटांची फ्रेम लागते, ती सात फुटांवरून निघते, आणि तिथे ही लेन्स चेहऱ्याला जी शांतता देते ती मला झूममध्ये मिळत नाही. गाळ्याच्या फरशीवर आता तीन रंगीत पट्ट्या चिकटवल्यात: मॉडेलची लाल, ५५ची पिवळी, ८५ची निळी. उद्या येवल्याहून चाळीस साड्या येणार आहेत, पहिली पट्टी जरा सुटलीय, ती आज रात्रीच बदलते.