पितृपक्षातल्या चकल्या

रविवार, रात्री साडेदहा

दोनदा हात धुतले तरी भाजणीचा वास जात नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये आज २६ डबे भरून झाले. आम्ही सहा माजी सैनिक, घरच्या बायका आणि शाळकरी पोरं.

दिवाळीला अजून महिना आहे, पण डबे आत्ताच निघायला हवेत. काही दक्षिण सुदानला, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या आपल्या पोरांना जायचे आहेत, बाकीचे लडाखकडे. म्हणून कढई ऐन पितृपक्षात चढली. तळमजल्यावरच्या काकू गेल्या आठवड्यात म्हणाल्या होत्या, "पितृपक्षात दिवाळीचं तळण? आमच्यात नाही चालत." मी वाद घातला नाही. आज सकाळी त्याच सोऱ्या घेऊन हजर! पहिल्या घाण्यातल्या दोन चकल्या त्यांनी केळीच्या पानावर काढल्या, "जे परत आले नाहीत त्यांचं आधी," म्हणाल्या आणि गुडघे धरत गच्चीवर ठेवून आल्या. मला कढईसमोर उभं राहवेना.

डबे जांभळी नाक्यावरून आणले, घट्ट झाकणाचे. ओल्या खोबऱ्याचं काही घालायचं नाही. चकल्या उभ्या रचायच्या, मध्ये कागद. बेसनाचे लाडू लडाखच्या डब्यांतून काढले. तिथल्या थंडीत तूप गोठून लाडवाचा दगड होतो. शंकरपाळ्यांसारखा भरवशाचा गडी नाही, कुठेही जातो.

पत्ता लिहिताना पोरं दर वर्षी अडखळतात. नंबर, रँक, नाव, युनिट, ५६ एपीओ, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. गाव नाही, देश नाही. "मग आजोबा, पोचतं कसं?" सेनेची टपालसेवा स्वतःची आहे, १९७२ पासून तिची वेगळी कोअर आहे. कुठलं युनिट आज कुठे आहे हे त्यांना ठाऊक असतं, आणि तेवढं पुरतं.

खरा वेळ गेला पत्रांत. बहुतेकांनी लिहिलेलं, "तुम्ही जागता म्हणून आम्ही झोपतो." मुलांचा भाव खरा आहे, पण मी ती पत्रं परत केली. म्हटलं, घरातलं काहीतरी लिहा. काय शिजलं, कोण भांडलं.

कारण १९८८ ची दिवाळी मी श्रीलंकेत, भारतीय शांतिसेनेत असताना, जाफन्याजवळच्या चौकीवर काढली. भोवती ताडाची झाडं, पुढे वाळूची पोती. भाऊबीज उलटून आठवडा झाल्यावर एक डबा आला, मांजरपाटात शिवलेला, वर लाखेचा शिक्का. आतल्या चिवड्याचा पार भुगा झालेला. सोबत सांगलीकडच्या एका शाळकरी मुलीचं पत्र होतं: आमच्या म्हशीला रेडकू झालं. खरवस पोस्टानं येणार नाही म्हणून चिवडा पाठवते.

भुगा आम्ही चमच्यानं खाल्ला आणि आठवडाभर त्या म्हशीबद्दल बोललो. दूध किती देत असेल, मुऱ्हा असेल की पंढरपुरी. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या सोबत्यानं तर इनलँडवर तिला लिहून विचारलं, रेडकाचं नाव काय ठेवलं? जानेवारीत तो गेला. श्रीलंकेत आपले सुमारे १,२०० जवान पडले, त्यातला एक. फेब्रुवारीत उत्तर आलं. नाव चंपी.

उत्तराला उत्तर मी लिहिलं. तो गेला हे लिहिलं नाही. नाव सगळ्यांना आवडलं, एवढंच लिहिलं. तेव्हा मी २३ वर्षांचा होतो. आजच्या पानावरची एक चकली त्याची होती, हे काकूंना सांगायचं राहिलं. उद्या सांगेन.

संध्याकाळी सातवीतल्या एका मुलानं पुन्हा लिहिलेलं पत्र आणून दिलं. बिल्डिंगची लिफ्ट १२ दिवस बंद आहे. आजीला खाली जाता येत नाही, म्हणून तो रोज तिचा हात धरून तिला गच्चीवर नेतो, तिथून खाडी दिसते. आजी बगळे मोजते.

ते पत्र सुदानच्या डब्यात सगळ्यात वर ठेवलं. फक्त त्याला म्हटलं, खाली तुझा पत्ता घाल, आणि आजी कितव्या मजल्यावर राहते ते लिही. पहिलं तेच विचारतील.