पणजीत एक दिवस पोर्तुगीज वळणाच्या जेवणासाठी

सावंतवाडी-कुडाळकडून पणजीला जाणारे बहुतेक जण बीच, मांडवीतली बोट आणि जुन्या गोव्याची चर्च उरकतात आणि जेवणाचं फिश थाळीवर भागवतात. थाळी चांगलीच असते, पण तशी थाळी मालवणात आणि वेंगुर्ल्यातही मिळते. पणजीत जेवायचं ते पोर्तुगीज वळणाचं. १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीज इथे होते, आणि त्यांच्या चुलीत आपल्याच किनाऱ्याचा नारळ, बांगडा, कोळंबी गेली. त्यामुळे कोकणी माणसाला हे जेवण परकं वाटत नाही आणि ओळखीचंही वाटत नाही. त्यासाठीच ते खायला हवं.

आम्ही आईला घेऊन सकाळच्या बसने गेलो. कदंबा स्टँडवर उतरलात की टॅक्सीच्या भानगडीत पडू नका. उरेमची खाडी ओलांडून फोंतेन्हास ही जुनी पोर्तुगीज वळणाची वस्ती पायी गाठता येते. मुंबईहून रेल्वेने येणाऱ्यांनी करमळीला उतरावं, तिथून पणजी साधारण बारा किलोमीटर. स्वतःची गाडी असेल तर ती बाहेरच लावा, आतल्या गल्ल्या फार अरुंद आहेत.

सुरुवात ३१ जानेवारी रस्त्यावरच्या 'कॉन्फेतारिया ३१ द जानेरो' या जुन्या बेकरीपासून करा. लवकर जा, चांगला माल आधी संपतो. नाश्ता हलकाच ठेवा.

दुपारी 'व्हिवा पंजिम'ला जेवलो. जुन्या घरात, गल्लीच्या आत आहे. आधी काल्दो व्हेर्द मागवलं, म्हणजे बटाट्याचं दाटसर सूप. पोर्तुगालात त्यात केल नावाची पालेभाजी पडते, गोव्यात बहुतेक ठिकाणी पालक. मग चिकन काफ्रेयाल आणि कोळंबीचं बालशांव. काफ्रेयालचं हिरवं वाटण कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, लसूण यांचं. पदार्थ मूळचा मोझांबिकचा, तिथेही राज्य पोर्तुगीजांचंच होतं. कोंबडी वाटणात मुरवून तळलेली असते, रस्सा नाही, वाटण नुसतं अंगाला चिकटलेलं.

पण त्या दिवशीचा खरा पदार्थ बालशांव. लाल, तेलकट, लोणच्यासारखं दाट, आधी आंबट, मग तिखट, आणि शेवटी जराशी गोडी. आईने पहिला घास घेतला आणि वाढणाऱ्या बाईंना थेट विचारलं, "ह्यात सोलां घातल्यात काय गो?"

"ना मावशे, माडाचें विनागर."

सगळा फरक इथेच आहे. आपण आंबटाला कोकम घालतो, चिंच घालतो. तिकडे माडीचं व्हिनेगर. कोकमाचा आंबटपणा रश्श्यात विरघळतो, व्हिनेगरचा मसाल्याच्या पुढे धावतो. म्हणूनच हे जेवण भातापेक्षा पावाशी जमतं. पोई मिळाली तर तीच घ्या, वरून कोंडा लावलेली असते आणि मसाला छान पुसून घेते. आईने सवयीने भात मागवला होता, तो तिने बाजूला सारला आणि दुसरी पोई घेतली.

मासे खायचेच असतील तर रेशादचा बांगडा घ्या. सुक्या लाल मिरच्या व्हिनेगरमध्ये वाटून पोटात भरतात. पोर्क खात नसाल तर सोरपोतेल आणि शोरीस (गोव्याचं सॉसेज) टाळा, आणि पुलाव किंवा सूपमध्येही शोरीस आहे का ते ऑर्डर देतानाच विचारा; काल्दो व्हेर्दमध्ये बऱ्याचदा असतं. निव्वळ शाकाहारी मंडळींना मात्र हे जेवण जड जाईल. त्यांना घेऊन इथे येण्याचा आग्रह मी धरणार नाही.

वेळेचं सांभाळा. दुपारी तीनच्या सुमारास स्वयंपाकघरं बंद होतात ती थेट संध्याकाळी उघडतात, आणि रविवारी बरीच ठिकाणं बंदच. मधल्या वेळात सेंट सेबास्टियनच्या चॅपेलपर्यंत फिरून या. रंगीत घरांचे फोटो काढताना एवढं लक्षात ठेवा की आत माणसं राहतात आणि दुपारी झोपतात. खिडकीपाशी उभं राहून आरडाओरडा करणारे घोळके बघून मला वाईट वाटलं. संध्याकाळपर्यंत थांबणार असाल तर जेवायला 'व्हेनिते' बघा. वर लाकडी मजला आणि रस्त्यावर डोकावणाऱ्या इवल्याशा गॅलऱ्या, तिथली जागा मिळाली तर सोडू नका.

गोडात सेरादुरा खायलाच हवी. फेटलेल्या क्रीममध्ये मारी बिस्किटाच्या चुऱ्याचे थर. बेबिंका मात्र बांधून घ्या. नारळाचं दूध, अंड्याचा बलक, तूप, साखर, मैदा, आणि एकेक थर वरून आच देऊन भाजलेला. एक भाजला की वर दुसरा. सात थर तरी हवेत. कापलेली कड बघून घ्या, थर वेगवेगळे दिसले पाहिजेत. म्युनिसिपल गार्डनजवळच्या 'मिस्टर बेकर'मध्येही मिळते.

फेणी घ्यायचा मोह होईल. परवान्याशिवाय दारू महाराष्ट्रात आणता येत नाही आणि इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात, तेव्हा ती तिथेच प्या, आणि गाडी चालवणाऱ्याने तिथेही नाही. बेबिंका घरी आली की पातळ काप करून तव्यावर किंचित गरम करा. गार खाल्ली तर तूप गोठून थर चिवट लागतात.