गोठ्यातली वालुमाशी

आज खानापूर भागातल्या गोठ्यांत वालुमाशीची पाहणी. मुलांच्या मेंदूला सूज आणणारा चांदीपुरा विषाणू (१९६५ मध्ये नागपूर जिल्ह्यात सापडलेला) पसरवणारी हीच. हिच्या अळ्या साचलेल्या पाण्यात वाढत नाहीत. शेण मिसळलेली ओलसर माती, भिंतीच्या भेगा, उंदरांची बिळं हे त्यांचं घर. मग गटारं कशाला तपासायची!

सकाळी बॅटरीचा झोत सारवलेल्या भिंतीवर तिरपा धरायचा. २-३ मिलिमीटरची, केसाळ, पंख पाठीवर उभे फाकलेले. हटकली की लांब उडत नाही, टुणकन बाजूला सरकते. ती तोंडाने ओढायच्या काचनळीत घ्यायची. नळीत बारीक जाळी हवीच, नाहीतर माशी थेट घशात. संध्याकाळी भेगांपाशी माश्या चिकटायला एरंडेल लावलेले कागद ठेवायचे, पहाटे गोळा. प्रकाश-सापळ्याच्या दोरीला ग्रीस चोपडा. मुंग्या चढल्या तर नुसते पंख उरतात, त्यावरून जात कोण ओळखणार?