कुठल्या बाजूने उतरलात?

2018 च्या ऑक्टोबरमध्ये आईला नेपाळातल्या मुक्तिनाथला नेलं होतं. पोखऱ्याचा जुना विमानतळ भर वस्तीत. धावपट्टी दीड किलोमीटरसुद्धा नाही, आणि वाढवायची तर चारी बाजूंनी घरं. पहाटेपासून बसून होतो, कारण उन्हं चढली की काली गंडकीच्या खोऱ्यात वारा सुटतो आणि मुक्तिनाथजवळच्या जोमसोमला जाणारी विमानं बंद होतात. आमचं छोटं ट्विन ऑटर उडालं तेव्हा आईने माझं मनगट धरलं, ते जोमसोमला उतरल्यावरच सोडलं.

मे 2022 मध्ये त्याच मार्गावर तसंच विमान डोंगरावर आदळलं. 22 माणसं गेली, त्यांत ठाण्याचं एक कुटुंब. आई दोन दिवस नीट जेवली नाही.

म्हणून 1 जानेवारी 2023 ला पोखऱ्याचा नवा विमानतळ सुरू झाला तेव्हा मीच तिला फोन केला. अडीच किलोमीटरची धावपट्टी, वस्तीबाहेर. तिथली जमीन 1970 च्या दशकातच घेऊन ठेवलेली. पोखऱ्याच्या लोकांनी जवळजवळ अर्धं शतक वाट पाहिली! "आता काळजी नाही गं," म्हणाले.

पंधरा जानेवारीला काठमांडूहून आलेलं विमान जुन्या आणि नव्या विमानतळांच्या मधे, सेती नदीच्या घळीत कोसळलं. 72 जणांतलं कोणी वाचलं नाही.

चौकशीचा अहवाल आला तो मी आईला वाचून दाखवला. आकाश स्वच्छ होतं. पूर्वेकडून सरळ उतरायची परवानगी असताना वैमानिकांनी पश्चिमेकडची बाजू मागून घेतली. तिथे शेवटी घट्ट वळण घ्यावं लागतं. त्या गडबडीत फ्लॅप्सच्या, म्हणजे पंखांमागच्या हलत्या पट्ट्यांच्या, दांड्याऐवजी इंजिनांच्या पंख्यांचे दांडे ओढले गेले आणि पंख्यांचा जोरच गेला. विमान चालवणाऱ्या बाई त्या दिवशी हा नवा विमानतळ शिकत होत्या, शिकवणारे शेजारी बसले होते. हे मला फार लागलं. नवी धावपट्टी हवीच होती, पण ती अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि तो वेळ वैमानिकांना मिळायला हवा होता. उद्घाटनाची तारीख थांबली असती तर काय बिघडलं असतं?

गेल्या नोव्हेंबरात मी पुन्हा गेले, या वेळी एकटी. सामान यायच्या आत आईचा फोन. पोचलीस का, हे तिने विचारलंच नाही.

"कुठल्या बाजूने उतरलात?"

"पूर्वेकडून, आई. सरळ."